काळीज एवढं मजबूत कशाला केलंस?

अहो,

तुम्ही गेल्यापासून भेटायला येणारा जो तो मला एकच गोष्ट सांगतो. सोफ्यावर टेकतात, पाण्याचा घोट घेतात, हॉलमधल्या तुमच्या व्यायामाच्या सायकलकडे बघतात आणि म्हणतात, "काका किती फिट होते हो! रोज सायकल. हृदय तर म्हणे तरण्या माणसाचं होतं." मी हो म्हणते. ज्यांना चहा द्यावासा वाटतो त्यांना देते, बाकीच्यांना पाण्यावर वाटेला लावते. तुमच्या ऑफिसातल्या त्या दोघांना दिला नाही. तुम्ही असतात तर पाणीसुद्धा दिलं नसतंत.

हृदयाचं म्हणतात ते खोटं नाही. कॅन्सर स्वादुपिंडातून यकृतात पसरला, तुम्ही अंथरुणाला खिळलात, जेवण सुटलं, आणि रोज सगळ्यांना वाटायचं की आजचा दिवस निघत नाही. तो निघायचा. घरी येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एकदा तुमच्या छातीवरचा स्टेथोस्कोप काढला, मला दाराशी बोलावलं आणि म्हणाल्या, "काकू, बाकी सगळं थकलंय. पण काकांचं हृदय फार चांगलं आहे. म्हणून वेळ लागतोय." बिचारीने ते कौतुकाच्या सुरात सांगितलं.

त्याच संध्याकाळी तुम्ही मला विचारलंत. नोकरीची सारी वर्षं पुण्यात काढून तुम्ही पुरते पुणेकर झाला होतात. लोणी काळभोरची बोली फक्त थोरल्या भाऊजींशी फोनवर बोलताना निघायची. दुखणं वाढलं तशी ती परत आली. "लय दुखतंय गं," म्हणालात. मग डोळे उघडून माझ्याकडे नीट बघितलंत आणि विचारलंत, "माझं काळीज एवढं मजबूत कशाला केलंस?"

तुमच्या ओठांना ओला कापूस लावला आणि काही काम नसताना स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. त्यानंतर तुम्ही शुद्धीवर असे आलाच नाहीत. तुमचा प्रश्न माझ्याजवळ राहिला. त्याचं उत्तर द्यायला आज बसले आहे. पण तुमच्याशी भांडल्याशिवाय मला कधी सरळ काही सांगता आलं आहे का? आधी भांडून घेते.

लोक म्हणतात काकांनी हृदय कमावलं. तुम्ही म्हणालात की ते मी केलं. तुमचंच बरोबर आहे, हे वाक्य माझ्या हातून पहिल्यांदाच लिहिलं जातंय, तेवढं डोळे भरून वाचून घ्या. अँजिओप्लास्टी झाल्यावर डॉक्टरांनी तुम्हाला रोज चालायला सांगितलं होतं. तुम्ही बागेत जायला लागलात आणि तिथल्या हास्यक्लबाशी भांडण काढलंत. हात वर करून हसणाऱ्या त्या म्हाताऱ्यांसमोर उभे राहिलात आणि विचारलंत, "विनोद काय झाला तो आधी सांगा." तिथून चालणं बंद. रस्त्यावर कुत्री, फुटपाथवर गाड्या, बागेत मूर्ख. मग समीरने ही सायकल आणली. मुलाला वाटलं, बाबांना घरातच चालवायला मिळाली तर भांडायला कोणी उरणार नाही. इतकी वर्षं आपल्या घरात वाढून त्याला एवढंही कळलं नव्हतं.

पहिले काही दिवस काय तो उत्साह! नवा ट्रॅकसूट, गळ्यात टॉवेल, बाजूला लिंबू-पाण्याची बाटली. भाऊजी लोणीहून आले होते. तुम्हाला घामाघूम झालेलं बघून म्हणाले, "काय रं, ही सायकल जाती कुठं?" तुम्ही म्हणालात, "कुठं न्हाई दादा, हितंच." "मंग पाय कशाला हाणतोस?" तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. कॉलेजात असताना तुम्ही लोणीहून पुण्यापर्यंत सायकल मारायचात, दुधाची किटली अडकवून. ती कौतुकं मी लग्नापासून ऐकत आले. हॉलमधल्या हॉलमध्ये मात्र तुमचे पाय दुखायला लागले.

मग कारणं सुरू झाली. गुडघा, सर्दी, अमावस्या, पाहुणे येणार आहेत, पाहुणे आत्ताच गेले. एकदा वीज गेली म्हणून तुम्ही उतरलात. ही सायकल विजेवर चालत नाही, असं मी सांगितलं तर म्हणालात, पंखा तरी चालतो ना. आयुष्य वीज खात्यात काढलेल्या माणसाने विजेला असं तोंडावर पाडावं! हळूहळू हँडलवर तुमचा टॉवेल वाळायला लागला, सीटवर माझा परकर, आणि पावसाळा आला तेव्हा सायकल कुठे आहे हे पाहुण्यांना सांगावं लागायचं. समीर रोज सकाळी फोनवर सूर्योदयाची चित्रं पाठवायचा. खाली इंग्रजीत लिहिलेलं असायचं की तुम्ही करू शकता. तुम्ही ते वाचून पुन्हा झोपायचात.

कौतुकाने तुमचं काही हलत नाही, हे मला समीरच्या आधीपासून माहीत होतं. पण कशाने हलतं ते मात्र अपघाताने कळलं. एका सकाळी माझ्या धाकाने तुम्ही सीटवर बसला होतात, पाय नुसते लोंबत होते. मी समोर पेपर वाचत होते. नारायण पेठेतल्या छापखान्यात माझं कामच मोठ्याने वाचायचं होतं. मी मूळ कागद वाचायची आणि समोरचा माणूस छापलेल्या प्रतीवर चुका काढायचा. त्या वाचण्यात भाव आणायचा नसतो, लग्नपत्रिका आणि श्राद्धाचं कार्ड एकाच सुरात वाचायचं. तसंच त्या दिवशी निधनवार्तांचं सदर माझ्या तोंडून मोठ्याने निघालं. अमुक अमुक यांचे हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन.

"वय?" तुम्ही विचारलंत.

मी सांगितलं. तुमच्यापेक्षा लहान होता.

तुमचे पाय फिरायला लागले. मी मान वर केली नाही. पुढचं नाव वाचलं. तोही लहान. तुम्ही टॉवेल ओढून फेकून दिलात आणि हँडल धरलंत.

तेव्हापासून आपला तो नित्यनेम झाला. सदर संपेपर्यंत उतरायचं नाही. मेलेला तुमच्यापेक्षा लहान निघाला की तुमची हनुवटी वर जायची आणि पायांना जोर यायचा. मोठा निघाला की "भरपूर जगला" म्हणून कुरकुरत हळू व्हायचात. ओळखीचा निघाला तर पाय थांबायचे, मग "पुढे वाच." 'अल्पशा आजाराने' असं आलं की हमखास म्हणायचात, "अल्पशा! घरच्यांना विचारा म्हणावं." किती वाईट होतो आपण दोघं! कुणाच्या घरी रडारड चालली असेल आणि इथे कात्रजला एक म्हातारा त्यांच्यावर मात करून घाम गाळतोय. मीही कमी नव्हते. तुम्ही रेंगाळलात की पेपर खाली ठेवून म्हणायची, "उतरा, काही हरकत नाही. समीरचा फोटो काढण्यात हात चांगला आहे, तुमचा एखादा बरा फोटो आत्ताच काढून ठेवूया." तुम्ही दात-ओठ खाऊन पायडल मारायचात. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पेपर येत नाही, तर तुम्ही जाहीर केलंत, "आज कोणी मेलं नाही. सुट्टी." मी रद्दीतला जुना अंक काढून वाचायला घेतला. दोनच नावं झाली असतील, तुम्ही पाय थांबवलेत. "हा दसऱ्यालाच मेला होता की! एकदा मेलेल्याला पुन्हा काय मारतेस?" हसता हसता मला ठसका लागला. तुम्ही मात्र उतरला नाहीत. जुनेच मेलेले पुन्हा ऐकत बसलात.

आणि मग शैलाताईची ती सकाळ. माझी बहीण गेली, तिची बातमी त्या सदरात आली. मी वाचत होते, नेहमीच्या सपाट सुरात. तिचं नाव आलं तरी सूर मोडला नाही, सवयच तशी. आणि तुम्ही, पाय फिरवत, माझ्या बहिणीचं नाव ऐकून म्हणालात, "वय?"

तुम्हाला तिचं वय माहीत होतं. आदल्या दिवशी तुम्हीच तिला खांदा दिला होतात. ते तोंडातून सवयीने गेलं असणार, पण गेलं. मी वय वाचलं. पुढचं नाव वाचलं. सदर संपवलं, घडी घातली आणि आत गेले. तुम्ही उतरला नाहीत. आतून मला पायडलचा आवाज येत होता. चहा झाला, तरी आवाज येत होता. पोळ्या झाल्या. तुमचा श्वास मला स्वयंपाकघरात ऐकू यायला लागला, तरी तुम्ही चालवतच होतात. शेवटी मी बाहेर येऊन म्हणाले, "आता काय इथेच प्राण सोडायचाय?" तेव्हा उतरलात. माफी तुम्ही मागितली नाहीत. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. मला ती हवी होती, अजून हवी आहे. तुमच्या बाजूने जेवढं काही म्हणता येईल तेवढं मी स्वतःशी म्हणून बघितलं आहे. अर्धं पटतं.

सायकलच्या दांड्यावर ती गुंडी होती, फिरवली की पायडल जड व्हायचं. तुम्ही ती नेहमी अगदी सैल ठेवायचात, नुसतं वारं ढवळल्यासारखं. दूध बघायला जाता-येता मी ती जरा जरा पिळायची. तुम्ही काही बोलला नाहीत, तेव्हा मला वाटायचं, मोठे वीज खात्यातले साहेब, पण एक गुंडी कळत नाही.

गेल्या वर्षी तुमचं वजन उतरायला लागलं. काय आनंद झाला आपल्याला! डॉक्टर इतकी वर्षं ओरडत होते, आता कुठे सायकलचं फळ दिसायला लागलं. तुम्ही पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलंत आणि ते भोक सोसायटीत जो भेटेल त्याला दाखवलंत. टेलरकडे जाऊन पँटी आवळून आणल्यात. भाऊजींना फोन करून सांगितलंत. मीही सांगत सुटले होते. आपली सून प्राची माहेरच्या लोकांना म्हणाली, आमच्या बाबांकडून शिका. आतून कोण खातंय हे कोणाच्या मनातही आलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत कौतुकाने तुम्ही पहिल्यांदाच फुललात, आणि ते कशाचं कौतुक निघालं बघा.

मग एक दिवस मी उठून दूध बघायला निघाले, तर तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "आज गुंडी नको पिळूस. दम नाही."

तुम्हाला सगळं माहीत होतं. पहिल्यापासून. मला तिथेच कळलं की काहीतरी मोठं झालं आहे, रिपोर्ट येण्याच्या कितीतरी आधी. माझ्याशी भांडायची ताकद तुमच्यात उरली नव्हती.

पुढचं तुम्ही भोगलंत, मी बघितलं. बघण्याचं दुःख भोगण्याएवढंच असतं असं जे म्हणतात ते कधी अंथरुणावर पडलेले नसतात. भाऊजी तुमच्या उशाशी येऊन बसायचे. एका दुपारी बाहेर येऊन मला म्हणाले, "आमच्या घरात समदे गडी झटक्यात गेले. बा शेतात गेला. चुलता जेवता जेवता गेला. ह्योच तेवढा अडकला बघ." त्यांच्या मनात काही नव्हतं. साधा माणूस, जे दिसलं ते बोलला. पण त्या झटक्यालाच तर आपण इतकी वर्षं घाबरत होतो. त्याच्यासाठीच तुम्हाला रोज त्या सीटवर चढवत होते. तो दरवाजा मी सकाळी सकाळी, पेपर वाचत वाचत, बंद करून टाकला होता. मग तुम्हाला दुसऱ्या दरवाजाने जावं लागलं आणि तो फार लांब होता.

तुम्ही गेलात त्या रात्री समीरने पेपरात द्यायचा मजकूर लिहिला. 'अल्पशा आजाराने' असं लिहिलं. मी म्हणाले, ते काढ. म्हणाला, "आई, असंच लिहितात गं." मी म्हणाले, कोण कसं लिहितं ते मला शिकवू नकोस, माझं आयुष्य त्यात गेलंय. 'दीर्घ आजाराने' लिही. त्याने लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला तेव्हा मी माझ्या खुर्चीत बसून ते सदर पहिल्या नावापासून मोठ्याने वाचलं. तुमचं नाव आलं, वाचलं. वय वाचलं. प्राची आतून धावत आली, तिला वाटलं माझं डोकं फिरलं. मी तिला म्हणाले, थांब, अजून चार नावं राहिली आहेत.

आता पोरं माझ्या मागे लागली आहेत. आई, तुझंही बीपी आहे, तू चालव. प्राचीने माझ्या फोनवर काहीतरी घालून दिलं आहे. सायकलवर बसलं की त्यातून एक बाई इंग्रजीत ओरडते, वेल डन, चॅम्पियन! मी एकदा बसले. पाय नीट टेकायच्या आत तिने मला चॅम्पियन केलं. मी उतरले. मी काय केलंय हे न बघता मला शाबासकी देणाऱ्या बाईसाठी मी घाम काढणार नाही. समीर म्हणाला, मग तुला काय हवंय? मी म्हणाले, मला मजबूत काळीज नकोय रे, त्याचं काय होतं ते मी घरात बघितलंय. तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. तुमच्यासारखाच उभा राहतो, एका पायावर भार टाकून. मला त्याचं वाईट वाटलं, पण बोललेलं मी मागे घेतलं नाही.

तर आता तुमचं उत्तर.

येणारे-जाणारे म्हणतात, काकूंनी नवऱ्यासाठी किती केलं. तुम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. मी तुमच्यासाठी काही केलं नाही. तुमचं आरोग्य, तुमचं दीर्घायुष्य, असल्या गोष्टी मनात आणून मी कधी पेपर उघडला नाही. मला सकाळी उठल्यावर समोर तुम्ही हवे होतात. ज्याला टोमणा मारला तर तो उलट येईल असा माणूस मला दुसरा मिळाला नाही, आणि शोधायचं माझं वय नव्हतं. तुमचे वडील गेले तसे तुम्ही एखाद्या दुपारी सुखाने गेला असतात, आणि मी या घरात सगळ्या चांगल्या माणसांमध्ये एकटी पडले असते. मला तसं नको होतं. म्हणून तुमचं काळीज मजबूत केलं. तुमच्या दुखण्याचा हिशेब मी त्यात धरला नव्हता, आणि धरला असता तरी फरक पडला नसता, हेही सांगून टाकते.

तुम्हाला वाटेल, आता हिला पश्चात्ताप होत असेल. तुम्ही डोळे उघडून विचारलंत तेव्हा तुम्हाला तेच ऐकायचं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. कदाचित तुम्ही नुसती तक्रार केलीत. कदाचित, आणि हे मला रोज सकाळी खुर्चीत बसल्यावर वाटतं, तुम्हाला मी काहीतरी खमंग उलट बोलायला हवं होतं, आणि मी कापूस भिजवत बसले. तुम्हाला माझ्याकडून मिळालेली ती एकमेव मऊ वागणूक, आणि ती चुकीच्या वेळी.

आज बोलते. उद्या कोणी मला सांगितलं की ती सगळी वर्षं परत देतो, पण शेवट हाच, असाच, एवढाच लांब, तुमचं ओरडणं, ती कूस बदलताना होणारी तडफड, सगळं जसंच्या तसं, तर मी क्षणभरही विचार करणार नाही. तुम्हाला पहाटे गदागदा हलवून उठवीन. तुम्ही म्हणाल, गुडघा दुखतोय. मी म्हणेन, दुखू दे. तुम्हाला पुढचं सगळं दिसत असेल, तुम्ही हात जोडाल, नको म्हणाल, सुटू दे गं म्हणाल.

तरी उठवीन.